येशूच्या मागं चालणं आणि विश्वास सांगणं, सोमवार ते शनिवार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा बुधवारचा बायबल अभ्यास कोल्हापुरातल्या राजारामपुरीत एका घरी भरतो. तिथं आणि नंतर व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येत राहतात, कधी शिफ्ट सुटल्यावर, कधी रात्री साडेअकराला, आणि प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवावं असं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही. फाउंड्रीत क्वालिटीला काम करतो, आणि आमचं घर आजोबांपासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आहे. शास्त्राचे बारीक प्रश्न पाळकसाहेबांनाच विचारा, इथं फक्त रोजच्या जगण्यातलं आहे.

१. मी दर रविवारी उपासनेला जातो, दशांश (कमाईचा दहावा भाग) देतो. मग "शिष्य हो" म्हणजे अजून काय करायचं?

कोल्हापूरच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपल्याकडं तालीम आहे. पठ्ठा वस्तादाचं भाषण ऐकून पैलवान होत नाही. तो तालमीत राहतो, पहाटे उठतो, जोर-बैठका मारतो, वस्ताद डाव कसा टाकतो ते बघतो, चुकला की तिथल्या तिथं बोलणी खातो आणि परत लाल मातीत उतरतो. येशूनं बारा जणांना असंच ठेवलं होतं, तीनेक वर्षं, सोबत चालत, सोबत जेवत. मत्तय २८:१९-२० मध्ये शेवटी जे सांगितलंय त्यात "शिष्य करा"च्या पुढं "पाळायला शिकवा" असं आहे, नुसतं ऐकायला नाही. रविवारची उपासना खासबागेतल्या मैदानात बसून कुस्ती बघण्यासारखी होऊन बसली असेल तर मातीत उतरायचं राहिलंय एवढाच त्याचा अर्थ.

२. साक्ष द्या म्हणतात, पण मला चार माणसांत बोलता येत नाही. मग?

साक्ष म्हणजे प्रवचन नाही. कोर्टात साक्षीदार वकिली करत नाही, त्यानं जे बघितलं तेवढंच सांगतो. योहान ९ मधला जन्मांध माणूस बघा, शिकलेले लोक त्याला उलटसुलट विचारतात आणि तो सरळ सांगतो की बाकीचं मला माहीत नाही, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतंय. आणि २ राजे ५ मध्ये आजारी सेनापती नामानाच्या घरची ती कैद करून आणलेली पोरगी, तिचं नावसुद्धा लिहिलेलं नाही, ती मालकिणीला एकच वाक्य बोलते आणि त्यातनं नामान बरा होण्यापर्यंत पुढचं सगळं घडतं.

एक मात्र करा. तुमची गोष्ट एकदा चर्चचे शब्द न वापरता सांगून बघा. "तारण", "अभिषेक", "कोकऱ्याच्या रक्तानं धुतलो" हे आपल्याला लहानपणापासून ओळखीचं, पण शेजारच्या माणसाला त्यातलं काही कळत नाही. "दारू सुटत नव्हती, बायको माहेरी गेली होती, एका रात्री गुडघ्यावर बसून रडलो आणि त्या दिवसापासून मी एकटा नाही असं वाटायला लागलं" हे कुणालाही कळतं. दोन मिनिटांत संपवायचं.

३. आधी वागणं का आधी बोलणं? कुणी म्हणतं वागणंच पुरे, कुणी म्हणतं शुभवर्तमान (येशूची आनंदाची बातमी) शब्दांत सांगायलाच पाहिजे.

दोन्ही लागतं, पण आपल्या गावात लोक आधी वागणं वाचतात हे पक्कं. माळकरी माणसाला कुणी सर्टिफिकेट मागत नाही, माळ घातली म्हणजे मटण सुटलं, दारू सुटली, शब्दाला पक्का झाला हे आळीला दिसतंच. आपल्या गळ्यातल्या क्रुसाकडं पण लोक तसंच बघतात. किराणावाल्याची उधारी, भिशीचा हप्ता, रिक्षावाल्याशी बोलण्याची पद्धत, घरकामाला येणाऱ्या मावशींना पगार किती देता आणि वेळेवर देता का.

माझं सांगतो. आधी एका ठिकाणी कामाला होतो तिथं मोठ्या ऑर्डरच्या कास्टिंगला ब्लो होल (ओतकामात राहिलेली हवेची भोकं) निघाले, संध्याकाळी डिस्पॅच होतं आणि वरून निरोप आला की रिपोर्टला ओके मार. मी मारला. त्याच आठवड्यात रविवारी मी उपासनेत शास्त्रपाठ वाचायला उभा होतो आणि आवाज फुटेना. पुढच्या वर्षी परत तसाच प्रसंग आला तेव्हा नाही मारला, इन्सेंटिव्ह गेला, दोन महिने शिफ्ट वाईट लागली. पण त्यानंतर मोल्डिंगचा एक पोरगा जेवणाच्या सुट्टीत जवळ येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही घाबरला नाही का?" त्या दिवशी मी पहिल्यांदा फाउंड्रीत येशूचं नाव घेतलं, कारण खोटं बोलून "स्वभावच आहे माझा" असं म्हणता आलं नाही. वागण्यानं प्रश्न उभा राहतो, उत्तर शब्दांतच द्यावं लागतं. जकातदार जक्कयाचं पण तसंच (लूक १९), त्यानं लुबाडलेल्याचं चौपट परत द्यायचं कबूल केलं ते सगळ्यांसमोर, तोंडानं.

४. सकाळी सातची शिफ्ट, घरी आलो की पोरं. प्रार्थना-वचनाला (बायबल वाचायला) वेळच मिळत नाही.

तासभर नाहीच मिळणार. दहा मिनिटं मिळतात. बायबलमधलं मार्कचं पुस्तक वाचायला घ्या, सोळाच अध्याय आहेत, रोज अर्धा जरी वाचला तरी महिन्याभरात संपतो. मोबाईलवर ऑडिओ बायबल मराठीत आहे, बसमध्ये ऐका. आणि रात्रीची कुटुंबप्रार्थना सोडू नका, पाच मिनिटांची असली तरी चालेल, टीव्ही बंद करून, पोरांना पण एक वाक्य बोलू द्यायचं.

५. शेजाऱ्यांशी, मित्रांशी विषय काढायचा कसा? की काढायचाच नाही?

१ पेत्र ३:१५ मध्ये सांगितलंय की तुमच्या आशेबद्दल जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार राहा, आणि ते सौम्यतेनं, समोरच्याचा मान राखून. "जो विचारेल" हे शब्द मी फार उशिरा नीट वाचले.

माझ्या एका मित्राचे वडील वारले. पंचगंगा स्मशानभूमीत रक्षाविसर्जनाला गेलो होतो. माझ्या खिशात पत्रकं होती, नुकतंच कुठंतरी ट्रेनिंग झालं होतं की प्रत्येक संधी साधा. मी त्याच्या हातात पत्रक दिलं. तिथं, राखेजवळ. तो काही बोलला नाही, घडी घालून खिशात ठेवलं, आणि पुढची दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. मला आजही तो प्रसंग आठवला की पोटात कसंतरी होतं. त्या दिवशी मला त्याचे वडील दिसत नव्हते, त्याचं दुःख दिसत नव्हतं, एक "संधी" दिसत होती. माणसाला टार्गेट केलं की तो शेजारी उरत नाही, आणि येशूनं प्रेम करायला सांगितलंय ते शेजाऱ्यावर. मला या सगळ्या पानावर एकच गोष्ट सांगायची असती तर हीच सांगितली असती.

म्हणून विषय असा "काढायचा" नसतो. रंकाळ्यावर फिरताना मित्र म्हणतो लई टेन्शन आहे, तेव्हा त्याचं सगळं ऐकायचं, घाईनं वचन फेकायचं नाही, आणि शेवटी खरंच मनात असेल तर म्हणायचं, "मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन, चालेल का?" आजवर मला याला कुणी नको म्हटलेलं नाही. आणि म्हटलं की करायची, विसरायची नाही, आठवड्यानं विचारायचं काय झालं म्हणून.

६. शेजारच्या काकी प्रसाद घेऊन येतात. घ्यायचा का नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, नवरात्रात तर रोज. पौल या प्रेषितानं यावर करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात (१ करिंथ ८ आणि १०) चांगलं दोन-तीन पानं लिहिलंय, कारण करिंथच्या लोकांना पण हाच पेच होता. मूर्ती काही नाही, देव एकच, हे तो म्हणतो. बाजारात मिळतं ते उगाच चौकशी न करता खा असंही म्हणतो. पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका, त्याच्या विवेकासाठी, असंही तिथंच आहे (१०:२८). आपल्या मंडळीत यावर दोन मतं आहेत आणि राहतील. रोम १४ प्रमाणे खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्यानं दुसऱ्याला दोषी ठरवू नये.

मी स्वतः घेत नाही. पण कसं नाही म्हणायचं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. "आम्हाला हे चालत नाही" असं दारात उभं राहून तोडून बोलायचं नाही, आणि सैतान वगैरे शब्द तर अजिबात काढायचे नाहीत, त्या बाईनं प्रेमानं आणलेलं असतं. "काकी, हात जोडतो, रागावू नका, प्रसाद मी घेत नाही, पण आत या, चहा घेऊनच जायचं." आणि त्यांच्याकडचं बाकी सगळं खायचं. दिवाळीचा फराळ म्हणजे फराळ, त्यांच्या हातच्या चकलीला नाही म्हणू नका, आणि नाताळात आपल्याकडनं करंज्या-केकचं ताट भरून गेलं पाहिजे. मागं एकदा आमच्या काकीच म्हणाल्या की पोरा, तुझ्यासाठी पूजेच्या आधी बाजूला काढून ठेवलंय.

७. खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा असते. मला नारळ फोडायला सांगतात, कारण मी सीनियर ऑपरेटर. काय करू?

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही एमआयडीसीत हा प्रसंग येतोच. पहिली गोष्ट, त्या दिवशी ऐनवेळी नाही म्हणू नका. आठ दिवस आधी सुपरवायझरला एकट्याला गाठून सांगा की साहेब, मशीन घासून पुसून चकाचक मीच करतो, हार-तोरण आणायला पण जातो, फक्त नारळ आणि कुंकू दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ दे. बहुतेक वेळा इथंच मिटतं. पूजेच्या वेळी बाहेर जाऊन उभं राहायची गरज नाही, मागं शांत उभं राहा, टोपी काढा, मनात देवाचे आभार माना की वर्षभर हात शाबूत राहिले. मशीनवर बोटं गेलेली माणसं आपण बघितल्यात, आभार मानायला खूप आहे.

जबरदस्तीच झाली तर? नामानाची गोष्ट पुढं वाचा (२ राजे ५:१८-१९). बरा झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला सांगतो की माझा धनी रिम्मोन देवाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, एवढ्याची मला क्षमा होवो. अलीशा त्याला झापत नाही. शांतीनं जा, म्हणतो. दुसऱ्या बाजूला दानिएलाच्या पुस्तकातले ते तिघं तरुण भट्टीत पडले पण मूर्तीपुढं वाकले नाहीत. दोन्ही एकाच बायबलमध्ये आहेत. म्हणून ज्या पोराची नोकरी नवीन आहे, घरात एकटा कमावता आहे, त्याच्यावर मंडळीत बसून कुणी बोट उचलू नये असं मला मनापासून वाटतं.

८. तालीम मंडळाची पोरं गणपतीची वर्गणी मागायला येतात.

तत्त्व वर ६ मध्ये आलंय. व्यवहारात, आम्ही मंडळाच्या रक्तदान शिबिराला आणि मिरवणुकीच्या दिवशी पिण्याच्या पाण्याला पैसे देतो आणि पावतीवर तसं लिहून घेतो. पोरांना आधी नवल वाटलं, आता तीच विचारतात की दादा, यंदा पाण्याचे जार किती सांगू. काहीच न देता दार लावून घेणं मला पटत नाही, आपल्या गल्लीत रात्री साप निघाला तर हीच पोरं पळत येतात.

९. "हा इंग्रजांचा धर्म, तुम्ही बाटलेले" असं कुणी म्हटलं तर काय उत्तर द्यायचं?

आधी चिडायचं नाही. मग पाहिजे तर इतिहास सांगा. येशू आशियातला, बेथलेहेमात जन्मला, लंडनमध्ये नाही. कोल्हापुरात शुभवर्तमान घेऊन १८५२ साली आले ते रॉयल वायल्डर आणि त्यांच्या पत्नी, ते अमेरिकन होते, आणि कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं. त्यांनी इथं शाळा काढल्या. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. वायल्डर मेमोरियल चर्चचं नाव त्या घरावरनं आहे. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ ला दवाखाना उभा केला आणि तिथं आलेल्या पेशंटची जात कुणी विचारली नाही.

आणि मराठी माणसानं हा विश्वास स्वतःच्या भाषेत जगून दाखवलाय. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१-१९१९) ख्रिस्ताबद्दल अभंग लिहीत होते, आजही आपण ते उपासनेत गातो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ ला वारल्या तेव्हा ते नुकतंच पूर्ण झालं होतं. यातलं काही पाठ नसलं तरी चालेल. "भावा, मी पण तुझ्यासारखाच तांबडा-पांढरा खाऊन वाढलोय, बाटलोय कशात?" एवढं हसून म्हटलं तरी पुष्कळदा ताण जातो.

१०. पुरात मदत करताना सोबत पत्रक किंवा नवा करार दिला तर चालतो का?

नाही. माझं मत यावर अगदी ठाम आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुका, सगळं पाण्यात होतं. ज्या बाईच्या घरात छातीएवढं पाणी शिरलंय ती तुमच्या हातातलं काहीही घेईल, तिला नाही म्हणायची सोयच नसते, आणि जिथं नाही म्हणायची सोय नाही तिथं दिलेलं शुभवर्तमान हे शुभवर्तमान राहत नाही. तांदूळ, डाळ, चादर, सॅनिटरी पॅड, फिनेल, एवढंच द्या. फोटो काढू नका, दान लोकांना दाखवायला करू नका असं सांगणारं मत्तय ६:१-४ त्यासाठीच आहे. चिखल काढायला फावडं घेऊन जा, चिखल काढणारी माणसं कमी पडतात. कुणी विचारलं तुम्ही कोण, तर खरं सांगा, लपवू नका. "पैसे घेऊन धर्म बदलतात" हा आरोप आपल्यावर उगाच येत नाही, कुठंतरी कुणीतरी तसं वागलेलं असतं.

११. विश्वास सांगणं कायद्यानं गुन्हा आहे का? लई भीती वाटते.

राज्यघटनेच्या कलम २५ प्रमाणे प्रत्येकाला आपला धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. सुप्रीम कोर्टानं १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसार म्हणजे आपली शिकवण समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यातनं मिळत नाही. म्हणजे बळजबरी, फसवणूक, आमिष यातलं काहीही आलं की तुम्ही चुकलात, आणि कायदा बाजूला ठेवला तरी येशूच्या दृष्टीनंही चुकलात. राज्यांचे कायदे वेगवेगळे असतात आणि बदलत असतात, आणि आपण निपाणीला गेलो की कर्नाटकात, त्यामुळं मोठी सभा ठेवायची असेल तर आधी वकिलाला विचारा आणि पोलीस स्टेशनला लेखी कळवा. लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद. घरच्या प्रार्थनेत पण आवाज बेतानं ठेवा, वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं.

१२. सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) आजारी माणसांसाठी प्रार्थना करायला जावं का? लोक बरे होतात असं सांगावं का?

भेटायला जा, जरूर जा. डबा न्या, रात्री थांबणाऱ्या नातेवाइकाला दोन तास सुट्टी द्या, ती खरी मदत. प्रार्थनेआधी पेशंटला विचारा, तो हो म्हणाला तरच, आणि हळू आवाजात, बाजूच्या कॉटचा विचार करून, दोन-तीन मिनिटं. डॉक्टर-नर्स आले की बाजूला व्हा.

देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे, आणि मी स्वतः ते घरात बघितलंय. पण "गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा" असं कुणी म्हटलं तर तिथंच त्याला थांबवा, मग तो कितीही मोठा सेवक असू दे. शुगरची, बीपीची, फिटची गोळी बंद करून माणसं जातात. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यात चमत्काराच्या नावाखाली फसवून पैसे उकळणं आणि साप-विंचू-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं हा गुन्हा आहे, आणि तो सगळ्याच धर्मांच्या लोकांना लागू आहे. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता (कलस्सै ४:१४), हे विसरू नका.

१३. सोसायटीच्या ग्रुपवर रोज वचन टाकलं तर?

नका टाकू. ग्रुप पाण्याच्या टाकीसाठी केलेला असतो. स्वतःच्या स्टेटसला ठेवा, ज्याला वाचायचं तो वाचेल. आणि "हे दहा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल" असले मेसेज तर कुणालाच नकोत.

१४. मी विश्वासात आले, पण नवऱ्याला आणि सासूबाईंना चालत नाही. लपून बाप्तिस्मा घेऊ का?

ताई, घाई करू नका. बाप्तिस्मा ही चोरून करायची गोष्ट नाही, ती उघड कबुली आहे, आणि आज लपवलं तर उद्या कळल्यावर घरात जो विश्वास मोडतो तो जोडायला वर्षं जातात. टिळकांचंच उदाहरण घ्या. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ ला झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तो मोठा धक्का होता, कित्येक काळ दोघं वेगळी राहिली आणि त्या स्वतःच्या पायांनी चालत त्या विश्वासात आल्या त्याला पुढं काही वर्षं लागली.

१ पेत्र ३:१ मध्ये शब्दांवाचून, वागण्यानं नवऱ्याला जिंकण्याबद्दल आहे, आणि १ करिंथ ७ मध्ये तो राहायला राजी असेल तर सोडू नका असं आहे. सासूबाईंच्या गुडघ्याला तेल लावणं ही पण साक्षच आहे. मंगळसूत्र काढायला कुणी सांगत असेल तर ऐकू नका, आपल्या मराठी ख्रिस्ती बायका पिढ्यान्‌पिढ्या घालतात. कुंकवाचं ज्याचं त्याचं मत आहे, त्यावर घर पेटवू नका.

पण मारहाण होत असेल तर हे सगळं बाजूला. "सहन कर, हाच तुझा क्रूस" असं कुणी म्हणालं तर ते चूक सांगतंय. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. मंडळीतल्या मोठ्या बाईला सांगा, पुरुषाला एकट्याला नको.

१५. दाखल्यावर हिंदू आणि अनुसूचित जात, आणि विश्वास येशूवर. बाप्तिस्मा घेतला तर सवलत जाते का?

हो, जाते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं असंही सांगितलं की मनापासून ख्रिस्ती असून फक्त आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं चालणार नाही. ज्या राजर्षी शाहूंनी १९०२ ला ५० टक्के जागा राखीव ठेवल्या त्यांच्या गावात बसून हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण धर्म बदलला म्हणून गावानं जात विसरली असं होत नाही. हा अन्याय आहे असं मी मानतो आणि तो बदलावा म्हणून सनदशीर मार्गानं भांडलं पाहिजे.

पण तोवर खोटं बोलू नका. आणि पाळकांना, सेवकांना हात जोडून विनंती, बाप्तिस्म्याआधी हे त्या माणसाला स्पष्ट सांगा, त्याच्या पोराच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. येशूनंच सांगितलंय की बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करा (लूक १४:२८). हिशेब करून कुणी थांबला तर त्याला मंडळीच्या दारातनं परत पाठवू नका, प्रार्थनेला येऊ दे, बसू दे.

१६. आपल्याच लोकांत लग्न जमवताना जात बघतात. मग बाहेर कुठल्या तोंडानं सांगू?

खरं आहे. स्थळ बघताना "मूळचे कोण?" हा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकलाय, गलती ३:२८ (ख्रिस्तात सगळे एकच, भेद नाही) पाठ असलेल्या माणसांच्या तोंडून. याला माझ्याकडं गोड उत्तर नाही. बाहेरच्यानं विचारलं तर झाकू नका, हो, आमच्यात हे पाप आहे असं म्हणा. आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या बहिणीच्या स्थळाला तो प्रश्न विचारू नका आणि विचारू देऊ नका. माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही नाही विचारला, दोन नातेवाईक लग्नाला आले नाहीत.

१७. शेजारची हिंदू मुलं आमच्या मुलांबरोबर संडे स्कूलला येतात म्हणतात.

आईवडिलांनी दोघांनी हो म्हटलं तरच. तोंडी नको, बोलावून, चहा देऊन, काय शिकवतो ते पुस्तक दाखवून. नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायला पोरांना आवडतं, त्यात काही गैर नाही. लहान मुलाच्या बाप्तिस्म्याचा विषय मात्र त्याच्या पालकांना सोडून कधीच काढायचा नाही.

१८. दहा वर्षं झाली, माझ्यामुळं एकही माणूस विश्वासात आला नाही. मी कुठं कमी पडलो?

आडसाली ऊस लावणारा शेतकरी जुलै-ऑगस्टला लागण करतो आणि जवळपास दीड वर्ष थांबतो. मध्ये पाणी पाजतो, भांगलण करतो, रात्रीची मोटर चालू करायला थंडीत उठतो, पण कांडं तो ओढून लांब करत नाही. पौल १ करिंथ ३:६ ला हेच म्हणतो, मी लावलं, अपुल्लोसनं पाणी घातलं, वाढ देवानं दिली. आणि "माझ्यामुळं" हा शब्द जरा तपासून बघा, त्यात परत ते प्रश्न ५ मधलं टार्गेट शिरलेलं असतं. मंडळीचा रिपोर्ट भरायला आकडा पाहिजे असतो हे मला कळतं, मी पण भरलाय. देवाला तो आकडा आपण सांगायची गरज नाही.

१९. मित्रानं तोंडावर सांगितलं, "येशूचं माझ्यापुढं बोलू नको." आता मैत्री ठेवू का?

ठेवा की! आणि त्याचा शब्द पाळा, आडून आडून पण काढू नका.

प्रश्न ५ मध्ये ज्या मित्राचं सांगितलं, त्यानंही मला हेच सांगितलं होतं, दोन वर्षांनी पहिल्यांदा बोलला तेव्हा. मी त्याची माफी मागितली, कारणं न देता. मग हळूहळू चहा सुरू झाला, बिंदू चौकात, पूर्वीसारखा. त्याच्या आईला दवाखान्यात न्यायला माझी गाडी जाते, माझ्या पोराचं दहावीचं गणित तो घेतो. गेल्या नाताळच्या आधी चहा पिता पिता त्यानं स्वतःहून विचारलं, तुमची उपासना किती वाजता असते रे. मी म्हटलं साडेनऊला. तो आला नाही. संध्याकाळी बायको-पोरांना घेऊन घरी जेवायला आला, आणि जेवायच्या आधी मी मुकाट बसलो होतो तेव्हा म्हणाला, "कर की तुझी प्रार्थना, रस्सा गार व्हायलाय."